बीदरची मावशी

माझ्या आईला सख्खी बहीण नव्हती, चुलतही नव्हती. तरी मला एक मावशी मिळाली आणि तिच्यामुळं मी आज जिवंत आहे. ती कशी मिळाली ते सांगते.

आमचं घर बीदरकडच्या मुडबी गावात. आजेसासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती. सासऱ्यांनी ती विकून थोडी जमीन घेतली, पण तुरीवर आणि ज्वारीवर सगळ्यांचं भागत नव्हतं. म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माझा नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर गेला. त्या काळात आमच्याकडची कितीतरी पोरं जायची. तिकडं मजल्यावर मजले चढत होते आणि लोखंड बांधायला, फळ्या ठोकायला माणसं लागत होती. सणाला नवरा यायचा, लेकीसाठी काचेच्या बांगड्या आणायचा. एका उगादीला, पाडव्याला, आला तो खोकतच आला. पुढं तो वाळतच गेला. बीदरच्या सरकारी दवाखान्यात महिनाभर ठेवला आणि तिथंच गेला. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, लेक चार वर्षांची.

गाडीत प्रेत चढवायच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी हळू आवाजात, सरळ सांगितलं. नवऱ्याला एचआयव्ही होता, तुझंही रक्त तपासून घे, लेकीचंही. मी मान डोलावली. ऐकलं होतं, पण आत काही गेलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर मृत्यूचा दाखला आणायचा म्हणून मी एकटीच बीदरला गेले. दाखला खरंच आणायचा होता, त्यामुळं घरात कुणी जास्त विचारलं नाही. एका छोट्या खोलीत तपासणीच्या बाईंनी माझं रक्त घेतलं, दुपारी पुन्हा बोलावलं आणि दार लोटून घेऊन मला सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बाहेर बाकावर एक बाई बसल्यात. त्यांनाबी हेच हाय, सात वर्षांपासून. वाटलं तर त्यांच्यासंगं बोला, न्हाई वाटलं तर सरळ घरी जा."

बाहेर बाकावर चाळिशीची एक बाई बसली होती. खळ घातलेली सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर छत्री. मला वाटलं कुठल्या तरी शाळेची मोठी बाई असावी. ही ती नसणार म्हणून मी पुढं निघाले, तर तिनंच हाक मारली.

"ऊटा आतेन?"

जेवलीस का, असं तिनं कानडीत विचारलं. मला कानडी कळायचं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं डबा उघडला. कडक भाकरी होती, शेंगाची चटणी होती. अर्धी भाकरी तिनं माझ्या हातावर ठेवली आणि उरलेली स्वतः खाऊ लागली. मीही खाल्ली. नवरा गेल्यापासून मी एवढं कधी खाल्लं नव्हतं.

तिचा नवरा शाळामास्तर होता. तो गेल्यावर सासरच्यांनी तिला घरातून काढलं आणि तिची लेक मात्र ठेवून घेतली. ती हे सांगत होती ते दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. बीदरमध्ये तिच्यासारख्या बायकांनी मिळून एक मंडळ केलं होतं. नव्यानं कळलेल्यांना धरून ठेवणं हे तिचं काम.

"मी तुझ्या गावाला येते," ती म्हणाली. तिचं मराठी कानडीच्या चालीवर चालायचं. "तपासण्या हायेत, गोळ्या लागतील. एकटीला जमायचं न्हाई."

"घरात काय सांगू? सासू हाय, दीर हाय."

"तुझ्या आईला बहीण हाय का?"

"न्हाई."

"मग आता हाय," ती म्हणाली. "लांबची. बीदरला ऱ्हाणारी."

पुढच्या आठवड्यात ती खरंच आली. लेकीला पेरू, सासूबाईंना पानसुपारी. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि पाणी दिलं. शेजारच्या बायका यायला लागल्या. मेंढरंवाल्यांच्या घरात अशी खळीच्या साडीतली मावशी कुठनं आली, हा त्यांना प्रश्न पडलेला.

"तुमची मावशी कानडी कामून बोलतीया?" एकीनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत मावशीच म्हणाली, "हुमनाबादकडं दिलंतं मला. वीस वर्सं कानडी माणसात राहिले. आता मराठी बोलायला गेलं की जीभच वळंना."

बायका हसल्या आणि तिथंच मिटलं.

तिनं पहिलं काम केलं ते लेकीच्या तपासणीचं. मी टाळत होते. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण लेकीचं ऐकायची माझी छाती नव्हती. मावशीनं एके सकाळी आम्हा दोघींना बसमध्ये बसवलं. लॅबमधल्या माणसानं लेकीचं बोट धरलं, तिला भिंतीवरचं पोपटाचं चित्र दाखवलं आणि पोपट किती रंगांचा आहे ते मोजायला लावून तेवढ्यात सुई टोचली. लेक रडायचीच विसरली. मी त्या माणसाचं नावही कधी विचारलं नाही, पण तो मला अजून आठवतो. निकाल येईपर्यंत मावशी लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. मी व्हरांड्यात येरझारा घालत होते. कागद घेऊन तपासणीच्या बाई स्वतः बाहेर आल्या आणि लांबूनच मान हलवली. लेकीला काही नव्हतं. मी तिथंच खाली बसले. मावशी म्हणाली, "ऊठ, पोरीला भूक लागलीया."

बीदरला तेव्हा त्या गोळ्या मिळत नव्हत्या. गुलबर्ग्याला जावं लागायचं. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी मोजल्या, त्या फार कमी झालेल्या. गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, न चुकता, जन्मभर. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. ओकाऱ्या व्हायच्या, चक्कर यायची, जेवणाचा वास नको वाटायचा. मावशी येऊन तीन दिवस राहिली. आत्याबाईंना तिनं सांगितलं, कावीळ झालीया, बीदरच्या डॉक्टरचं औषध हाय. ती माझ्या बाजूला बसून गोळी हातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत उठायची नाही. मी एकदा म्हणाले, आता नको, मरू दे मला. ती चिडली नाही.

"मीबी असंच म्हणाले होते," ती म्हणाली. "मला कुणी ऐकलं न्हाई. मीबी तुझं ऐकत न्हाई."

दोन महिन्यांत माझ्या अंगाला मांस धरलं. मी खुरपायला जाऊ लागले. मावशी दर पंधरा दिवसांनी येत राहिली.

मग पंचमी आली. मला माहेरी न्यायला माझा भाऊ आला. आत्याबाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि माझं कौतुक सांगता सांगता म्हणाल्या, "तुमची मावशी लई गुणाची बाई हाय. हिच्या दुखण्यात तिनंच सांभाळलं."

"कोणची मावशी?" भावानं विचारलं.

"बीदरची."

"बीदरला आमचं कुणीच न्हाई. आमची आई एकटीच हुती घरात."

माझ्या हातात ताकाचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं. आत्याबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं, मग भावाच्या ताटात भात वाढला. "आसंल लांबची. तुमी तवा बारके असाल," त्या म्हणाल्या आणि पावसाचं बोलायला लागल्या. भाऊ विसरून गेला. मी माहेरी गेले, तीन दिवस राहिले, पण तिथं माझं लक्षच लागलं नाही.

परत आले तेव्हा मुगाच्या शेंगा तोडणीला आल्या होत्या. सकाळी आम्ही दोघीच रानात होतो. दोन ओळी तोडून झाल्यावर आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "ती बाई कोण हाय? खरं सांग."

मी सगळं सांगितलं. दाखल्याच्या दिवसापासून, गुलबर्ग्यापर्यंत, गोळ्यांपर्यंत. त्यांचे हात शेंगा तोडतच होते.

"माझ्या लेकाला तेच हुतं?"

"व्हय."

"त्याच्याकडनंच तुला आलं?"

मी मान डोलावली. त्या ओळीच्या टोकापर्यंत तोडत गेल्या. तिथं बांधावर बसल्या आणि ओटीतल्या शेंगा खाली ओतल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं ती तुझी सोयरिक घेऊन यायलीय. तू दुसरं लगीन करून नातीला घेऊन जाशील, ह्याच भ्यावानं मी वाळायलेय."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "तिला बोलव. मला तिच्याच तोंडून ऐकायचंय."

मावशी आली तेव्हा आत्याबाईंनी दार लावून घेतलं आणि तिला समोर बसवून विचारायला सुरुवात केली. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, त्यामुळं प्रश्नही तसेच.

"मेंढराला लाळ-खुरकूत आली की वेगळं बांधावं लागतंय. वाऱ्यानं पसरती ती. हे तसं हाय का?"

"न्हाई. वाऱ्यानं न्हाई, ताटानं न्हाई, पाण्यानं न्हाई."

"अंगावर एकच घोंगडं घेतलं तर?"

"तरी न्हाई. रक्तानं येतं, नवराबायकोच्या संबंधानं येतं, आईकडून लेकराला येऊ शकतं. बाकी कशानंच न्हाई."

"डास चावला तर?"

"न्हाई अक्का."

आत्याबाईंनी अजून बरंच विचारलं. काही गोष्टी मलाही विचारायची लाज वाटली असती. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमालाबी हाय?" मावशी म्हणाली, "हाय." आत्याबाई उठल्या, चूल पेटवली आणि चहा ठेवला. मावशीची जात आमची नव्हती, हेही त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी चहा दिला, आणि संध्याकाळपर्यंत बसवून जेवायला वाढलं. गावात मात्र मावशी मावशीच राहिली. उलट आता आत्याबाईच शेजारणींना तिच्या हुमनाबादच्या गोष्टी सांगायच्या, त्यातल्या निम्म्या त्यांनीच रचलेल्या.

त्याच हिवाळ्यात धाकट्या दिराचं लग्न ठरत होतं. मुलगी मादन हिप्परग्याची. दीरही हैदराबादलाच कामाला होता. बोलणी व्हायच्या आधी आत्याबाईंनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "आधी बीदरला जाऊन रगत तपासून ये."

दिराच्या तोंडाचा रंग उतरला. "मला काय झालंय? माझ्यावर इस्वास न्हाई का?"

"तुझ्या भावावरबी हुता."

"लोकाला कळलं तर पोरगी कोण देईल?"

"न्हाई दिली तर न्हाई दिली. एक सून मी असल्यात आणली. दुसरी आणणार न्हाई."

दीर तीन दिवस घरी जेवला नाही. मित्राच्या घरी राहिला. तो मित्र त्याच्याबरोबरच सेंट्रिंगला असायचा, लग्न झालेला, घरात वर्षाचं लेकरू. शेवटी दीर कबूल झाला, पण एकटं जायची भीती, म्हणून मित्राला सोबत घेतलं. मित्र म्हणाला, तू करतोस तर मीबी करतो.

मावशी दवाखान्यात त्यांची वाट पाहत थांबली होती. दिराचा निकाल चांगला आला. मित्राचा चांगला आला नाही.

हे मला दिरानंच नंतर सांगितलं. मित्र बाहेर येऊन लिंबाच्या झाडाखाली बसला आणि म्हणाला, मी घरी जाणार न्हाई, तसाच हैदराबादला जातो, तिकडंच काय व्हायचं ते होईल. मावशी त्याच्या बाजूला जमिनीवर बसली. मग तिनं विचारलं, "तू हैदराबादला गेलास तर बायकोला कोण सांगंल? तिला तपासणीला कोण आणंल?" तो रडला. दोन दिवसांनी तो बायकोला घेऊन आला. बायकोला नव्हतं, लेकरालाही नव्हतं. वेळेत कळलं म्हणून नव्हतं. त्या दोघांना कसं राहायचं, काय वापरायचं, सगळं नीट समजावून दिलं गेलं. तो पुन्हा हैदराबादला गेला नाही. गावातच गवंडीकाम करतो, गोळ्या घेतो. ते लेकरू आता शाळेत जातं. त्याची बायको रस्त्यात भेटली की माझा हात धरून उभी राहते. कधी बोलते, कधी नुसतीच.

दीर मात्र बदलला. लग्नानंतर तो गावातल्या हैदराबादला जाणाऱ्या पोरांना उगादीला, पंचमीला गाठून सांगायचा. त्याला भाषण येत नव्हतं. तो एवढंच म्हणायचा, मी करून आलोय, काय होत न्हाई, चल. त्याच्या 'चल'वर बरीच पोरं गेली.

मीही मावशीबरोबर बीदरला मंडळाच्या बैठकीला जाऊ लागले. जुन्या गावात दोन खोल्या होत्या, दारावर पाटी नव्हती. सतरंजीवर वीसेक बायका बसायच्या. मराठी, कानडी, औरादकडच्या बायकांचं तेलुगू, सगळं एकात एक. प्रत्येकीला एक जोडीदारीण असायची, तिनं हिच्या गोळ्यांवर लक्ष ठेवायचं आणि हिनं तिच्या. माझी जोडीदारीण बिदरी कामाच्या, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी करणाऱ्या घरातली होती, भांड्यांना चकाकी देऊन तिच्या बोटांची टोकं कायम काळी असायची. ती मला विचारायची, "गोली खाए क्या, बहन?" आणि मी हो म्हटलं तरी डबीतल्या गोळ्या मोजून बघायची. त्या खोलीत मी हसायला परत शिकले, हे मला नंतर कळलं. पुढं मलाच आठ गावं दिली. पहिल्यांदा मी जावेबरोबर तिच्या माहेरी, मादन हिप्परग्याला गेले. तिथल्या अंगणवाडीत बायकांसमोर बोलताना मी मधेच वाक्य विसरत होते. जाऊ मागं बसून मान डोलवत होती, म्हणून बोलू शकले.

सगळंच चांगलं झालं असं नाही. काही बायका उशिरा आल्या आणि गेल्या. एका घरानं आम्हाला उंबऱ्यावरून परत पाठवलं आणि वर्षानं स्वतःच निरोप धाडला, तोवर फार उशीर झाला होता. त्यांची आठवण येते तेव्हा माझं कामात मन लागत नाही.

एका दुपारी बैठक चालू असताना दारात एक मुलगी उभी राहिली. वीस-एकवीस वर्षांची, खांद्याला पिशवी. तिनं कानडीत विचारलं, माझी आई इथं असते का? आणि मावशीचं नाव घेतलं. मावशी आत चहाची भांडी विसळत होती. ती बाहेर आली, हात पदराला पुसत होती आणि पुसतच राहिली. सासरच्यांनी ठेवून घेतलेली तीच ही लेक. तिला लहानपणी सांगितलं होतं की आई वारली. शिक्षिकेचं शिक्षण झालं, धारवाडला नोकरी लागली, तेव्हा आजोबांनी मरताना खरं सांगितलं. तिनं दवाखान्यात चौकशी करत करत हा पत्ता काढला होता.

मावशी तिला ओळखत नव्हती. कशी ओळखणार, शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. मुलगीच पुढं आली. आम्ही सगळ्या उठून दुसऱ्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. मग पलीकडून मावशीचा आवाज आला, "ऊटा आतेन?"

लेकीनं तिला धारवाडला नेलं. आम्हाला आमचा आधार जाताना दिसत होता, पण कुणीच नको म्हणालं नाही. आत्याबाई मुद्दाम बीदरला आल्या. मावशीला त्यांनी लुगडं नेसवलं, ओटी भरायला गेल्या आणि विधवेची ओटी भरत न्हाईत असं कुणीतरी म्हणालं, तर त्यांनी तिकडं बघितलंही नाही. मूठमूठ तांदूळ पदरात घातले.

आता गोळ्या बीदरलाच मिळतात. माझ्या पेशी चांगल्या आहेत. लेक उंच झालीय, माझ्या खांद्याच्या वर. तिला मी सगळं सांगितलं आहे, आणि तिनं ऐकून एवढंच विचारलं की दुपारची गोळी असते का, मी शाळेतून आले की आठवण करून देईन. दुपारची नसते, असं मी सांगितलं. आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या म्हणतात, आता सुईत दोरा ओवता येतो, पण ओवून शिवायचं काय ते आठवत नाही. मावशी फोन करते, धारवाडच्या पावसाला वैतागलेली असते. परवा तिनं मला तिथल्या एका बाईचा नंबर दिला. ती बाई मूळची आमच्या शेजारच्या आळंद तालुक्यातली, बाळंतपणाला माहेरी यायलीय, आणि तिला नुकतंच कळलंय. मंगळवारी मी तिच्याकडं जाणार आहे. सकाळच्या गाडीनं गेलं तर दुपारी जेवायच्या वेळेला पोचते.